मांजरीचं बाळंतपण: खोकं, काटा आणि वही

बोक्यांची रात्रभराची बोंबाबोंब थांबून मांजर पुन्हा बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर निवांत झोपू लागली, की कॅलेंडरवर त्या दिवसाला पेन्सिलीने गोल करायचा आणि तिथून 63 ते 67 दिवस मोजायचे. माज काही दिवस चालतो, त्यामुळे एकच तारीख धरून बसण्यात अर्थ नाही, आठवडा धरायचा. साठाव्या दिवसापासून रात्री घरी कुणीतरी असेल एवढं बघितलं की झालं.

गोव्यात पुष्कळदा तारीख ठाऊकच नसते. नुस्तेकान्नीच्या, म्हणजे मासेवालीच्या, पाटीभोवती घुटमळणारी मांजर एक दिवस पोट घेऊनच पडवीत येते. तिच्या बाबतीत पोटाआधी सड बघायचे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गुलाबी आणि टपोरे होतात. पहिलटकरणीत हे जास्त स्पष्ट दिसतं. पाचव्या आठवड्यापासून पोट दोन्ही बाजूंना फुगतं. सातव्या आठवड्यात ती कुशीवर पडली असताना कातडीखाली हालचाल दिसते, आणि शेवटच्या आठवड्यात सडांभोवतीचे केस विरळ होतात. पोट चाचपून पिल्लं मोजायचा मोह आवरावा. मोजायचीच असतील तर 55 दिवसांनंतर एक एक्स-रे काढावा, तोवर हाडं पक्की दिसू लागलेली असतात. सोनोग्राफीत 25 दिवसांनंतर गर्भ दिसतो, पण आकडा नेमका मिळत नाही. वाळपई-सांगेहून नुसत्या सोनोग्राफीसाठी पणजी-मडगाव करण्यात फारसं हशील नाही. एक्स-रेसाठी मात्र जावं. रात्री दोन वाजता तीन पिल्लं झालेली असतात आणि मांजर स्वस्थ पडलेली असते, तेव्हा चौथं आत आहे की नाही हे ठाऊक असणं फार मोठी गोष्ट आहे.

एक गोष्ट याच टप्प्यावर बोलायला हवी. भटक्या मांजरीचं पोट लवकर लक्षात आलं आणि पिल्लांना घरं मिळायची शक्यता दिसत नसेल, तर पशुवैद्य गाभणपणातही नसबंदी करतात. निर्णय अवघड असतो, पण दिवस जातील तसा तो आणखी अवघड होतो. पुढचं सगळं, पिल्लं होऊ द्यायची असं ठरलेल्या घरासाठी.

खाण्याचं. साडेतीन किलोच्या मांजरीला एरवी दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास कोरडं खाद्य पुरतं. गाभण असताना तिला पिल्लांसाठीचं, म्हणजे ‘किटन’ लिहिलेलं खाद्य सुरू करायचं आणि हळूहळू वाढवत शेवटच्या तीन आठवड्यांत 75 ग्रॅमपर्यंत न्यायचं, चार-पाच वेळांत विभागून. पोटात पिल्लांची दाटी झाल्यावर एका वेळी फार मावत नाही. चार पिल्लं पाजणारी मांजर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 120 ग्रॅमपर्यंत सहज जाते. तेव्हा मोजू नये, वाटी भरलेली ठेवावी.

आपल्याकडे मांजर म्हणजे मासळी असं समीकरण आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. नुसत्या बांगड्या-तारल्यांवर गाभण मांजर काढता येत नाही. काही कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. नुसतं मासळीचं मांस दिलं तर कॅल्शियमही कमी पडतं. उकडलेला, काटे काढलेला बांगडा खाद्यावर चमचाभर घालावा, वासाने ती खाते. आमटीतला तुकडा धुऊन देणं चालणार नाही, कांदा-लसणीचा अंश त्यात राहतोच आणि तो मांजरांच्या रक्तपेशी मोडतो. खारी सुकी मासळीही नको. आणखी एक हिशेब: 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी असते. मासळीवरच वाढलेली मांजर त्या काळात विणार असेल तर मे महिन्यातच तिला खाद्याची सवय लावा. ऐन वेळी बदललं तर ती दोन दिवस तोंड लावत नाही, आणि ते दोन दिवस नेमके महागात पडतात.

गाईचं दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पातळ औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि ऐन पाजण्याच्या काळात झटके येतात.

औषधांचं थोडक्यात. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला द्यायची नाही, तिने पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते. जंतांचं औषध मात्र पशुवैद्याला विचारून जरूर द्यावं, कारण गोल जंत आईच्या दुधातून पिल्लांत उतरतात. पिसवांसाठी कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजरीला कधीही नाही. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर थरथरत मरते. पॅरासिटामॉलची एक गोळीही तिला पुरते, मरायला. फरशीसाठी एक सोपी खूण: जे जंतुनाशक पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं, ते मांजरीच्या खोलीत नको. साबण आणि कढत पाणी, बस.

आता खोकं. किराणा दुकानातलं जाड पुठ्ठ्याचं, साधारण 60 बाय 40 सेंटिमीटर तळाचं आणि 40 उंचीचं. एका बाजूला दार कापायचं, पण तळापासून 15 सेंटिमीटर पुठ्ठा सोडून. आई उडी मारून जाते आणि पिल्लू घरंगळून बाहेर येत नाही. वरची दोन पाखं अर्धी मिटून आत अंधार करायचा. तळाला वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या, त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी. टर्किश टॉवेल नको. नवजात पिल्लांची नखं आत जात नाहीत, ती टॉवेलच्या फाशांत अडकतात. सुटे धागे असलेलं कापडही नको, धागा ओल्या नाळेभोवती आणि मग पायाभोवती गुंडाळतो. असे सहा-सात तुकडे लागतात, कारण जुलैत काही वाळत नाही. इथे इस्त्री कामाला येते: दोरीवर दोन दिवस दमट राहिलेला तुकडा दोन्ही बाजूंनी इस्त्री केला की कोरडाही होतो आणि घालताना उबदारही असतो.

खोकं कुठे ठेवायचं? मांजर विचाराल तर कपाटात, माळ्यावर, नारळांच्या ढिगामागे किंवा सरपणाच्या खोलीत. म्हणून पन्नासाव्या दिवसापासून कपाटांची दारं आणि माळ्याची वाट बंद ठेवायची आणि खोकं घरातल्या सगळ्यात कमी वर्दळीच्या कोपऱ्यात मांडून तिचं जेवण तिथेच द्यायचं. चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. पावसाळ्यात चिरा पाणी ओढतो आणि भिंतीकडची पुठ्ठ्याची बाजू चार दिवसांत मऊ पडते. वीतभर जागा सोडा. खिडकी उघडी राहत असेल तर जाळी लावा: बोका दुसऱ्याची पिल्लं मारतो, आणि पावसात कोरडी जागा शोधत धामणही घरात येते.

मात्र इथे सगळ्यात मोठा शत्रू मुंगी. प्रसूतीच्या ओलसर वासावर तांबड्या मुंग्यांची रांग तासाभरात लागते, आणि जे पिल्लू हलू शकत नाही त्याचे डोळे-नाक-नाळ त्या आधी धरतात. बागेतले हुमले, म्हणजे मोठे तांबडे मुंगळे, वाईट, पण घरातल्या बारीक तांबड्या मुंग्या त्याहून वाईट, कारण त्या दिसायच्या आत पोचलेल्या असतात. मुंग्यांचा खडू खोक्याभोवती ओढायचा नाही. त्यातलं विष परमेथ्रिनच्याच कुळातलं असतं आणि मांजर त्यावरून चालून पंजे चाटते. जुनी रीतच उत्तम. खोकं एखाद्या बुटक्या, रुंद बाकड्यावर ठेवायचं आणि बाकड्याचे चारही पाय पाण्याच्या स्टीलच्या वाट्यांत. पाण्यावर चमचाभर खोबरेल तेल सोडलं की मुंगी ओलांडत नाही आणि डासही अंडी घालत नाहीत. करवंट्या वापरू नयेत, त्या कलंडतात. बाकडं भिंतीला टेकलं किंवा साडीचं टोक खाली लोंबलं की सगळी मेहनत फुकट. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. रोज रात्री टॉर्च घेऊन चारही वाट्या आणि खालची बाजू बघायची.

इतर सामान: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, डिजिटल थर्मामीटर, जाड दोरा, उकळून घेतलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन, मऊ जुनी फडकी, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, एक वही. पशुवैद्याचे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर, आणि कोण रात्री फोन उचलतं हे आधीच विचारून ठेवलेलं. पणजीजवळ टोंकला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तालुक्यांतही दवाखाने आहेत, पण रात्रीची सोय कुठे आहे हे गृहीत धरू नये. पावसात वाळपईहून पणजी गाठायला तासाच्या वर लागतो, आणि मांजरीच्या अडलेल्या बाळंतपणात तेवढा तास बराच असतो.

साठाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यावं, मांजर घेऊ देत असेल तर. टोकाला थोडं खोबरेल तेल लावून गुदद्वारातून. एरवी ते 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं; 37.8 च्या खाली उतरलं की चोवीस तासांत विणार असं समजावं. ती ओरबाडू लागली तर सोडून द्या. खाणं सोडणं, कापड उकरणं, खोक्यात आत-बाहेर करणं, पुन्हापुन्हा मागचा भाग चाटणं ही लक्षणं पुरेशी बोलकी असतात. हा पहिला टप्पा सहा ते बारा तास चालतो, पहिलटकरणीत त्याहून जास्तही.

जुलैतल्या एका वेताची नोंद वहीत अशी आहे. सकाळी 7 वाजता 37.4, खाल्लं नाही. दुपारी 4, खोक्यात आत-बाहेर, धाप. रात्री 9.20, जोराच्या कळा. 9.45 पहिलं, 98 ग्रॅम. 10.10 दुसरं, 104. 11.05 तिसरं, 91. 11.20 चौथं, 87. वारा (प्लॅसेंटा) चार.

यातलं तिसरं बारकाईने बघण्यासारखं होतं. आधी दोन मागचे पाय आणि शेपूट आली. हे पाहून घाबरायचं कारण नसतं, दहापैकी चारेक पिल्लं पायांकडूनच येतात. नुसती शेपूट दिसते आणि पाय आत दुमडलेले असतात, ते पिल्लू अडकतं. इथे पाय बाहेर होते, आणखी दोन कळांत ते पूर्ण आलं, पण आई दुसऱ्या पिल्लाला चाटण्यात गुंतलेली आणि हे पडद्यातच. अर्धा मिनिट थांबायचं, त्याहून जास्त नाही. नाकाजवळचा पापुद्रा बोटांनी फाडून मागे सारायचा, तोंडातला चिकट द्रव फडक्याच्या टोकाने टिपायचा, डोकं किंचित खाली धरून पाठीवर आणि बरगड्यांवर कोरड्या फडक्याने जोरात चोळायचं. आई जिभेने जितक्या जोरात चाटते तितक्या जोरात. माणसं इथे फार हलका हात लावतात. पिल्लाला हातात धरून झोके देऊन द्रव काढायची जुनी पद्धत सोडून द्यावी, मेंदूला इजा होते. वीसेक सेकंदांत त्याने आ वासला, मग चिरका आवाज काढला, आणि आवाज ऐकताच आईने मान वळवली. तिच्या तोंडाशी दिलं, उरलेलं तिने केलं.

नाळ आईच तोडते. तिने तोडली नाही तर पोटापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर दोऱ्याची गाठ मारायची, थोडं पुढे दुसरी, आणि दोन गाठींच्या मध्ये कापायचं. टोकाला पोव्हिडोन आयोडीन. पिल्लाच्या बाजूने नाळ कधीही ओढू नये, बेंबीजवळ फाटून आतडं बाहेर येऊ शकतं. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडायला हवी. मांजर ती खाते, खाऊ द्यावी. सगळ्याच खाल्ल्या तर एखादा दिवस पातळ जुलाब होतात. वारा मोजणं महत्त्वाचं, कारण आत राहिलेली वार दोन-तीन दिवसांनी ताप आणि घाण वास घेऊन येते.

कधी निघायचं, हे वहीत आधीच लिहून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. जोराच्या कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही. पिल्लाचा भाग बाहेर दिसतोय पण दहा मिनिटांत पुढे सरकत नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव. ताजं लाल रक्त थांबत नाही. मांजर गळून गेली आहे. यातलं काहीही झालं तर पिल्लं उबदार टोपलीत आणि मांजर पिंजऱ्यात घालून सुटायचं. उलट, दोन पिल्लांनंतर ती शांत पडून पाजतेय, पाणी पितेय आणि दोन-तीन तास काही नाही, हे चालतं. काहींत असा विसावा बराच लांबतो. पण फोन करून सांगून ठेवावं. कळा येण्याचं इंजेक्शन कुणाच्याही सांगण्यावरून घरी देऊ नका. वाट अडलेली असेल तर त्याने गर्भाशय फाटतं.

सगळं झालं की ओलं कापड काढून कोरडं घालायचं आणि प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय का बघायचं. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जायची वाट साधारण सोळा तासांत बंद होते. त्याआधी पोटभर चीक गेलाच पाहिजे.

आणि इथून पुढे काटा. मांजरीचं पिल्लू दुबळं पडतंय हे डोळ्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो; काट्याला ते आदल्या दिवशी कळलेलं असतं. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी आई खायला बाहेर आल्यावर, वाटीत मऊ फडकं टाकून काटा शून्यावर आणून एकेक पिल्लू. जन्मवजन 90 ते 110 ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या दिवशी थोडी घट चालते, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ, आणि दोन आठवड्यांत वजन दुप्पट. पिल्लं सारखी दिसत असतील तर एकाच्या उजव्या खांद्यावरचे, दुसऱ्याच्या डाव्या मांडीवरचे थोडे केस कातरावेत. गळ्यात दोरा किंवा रिबीन बांधू नका, आई चाटताना ते ओढते आणि फास बसतो. हात लावला तर आई टाकून देते, हे पाळलेल्या, ओळखीच्या मांजरीबाबत खरं नाही. अत्तर किंवा सॅनिटायझर लावलेले हात मात्र नकोत.

वरच्या वेतात चौथं, 87 ग्रॅमचं, दुसऱ्या दिवशी 88 आणि तिसऱ्या दिवशी 86 झालं. दिसायला बाकीच्यांसारखंच. अशा वेळी आधी मोठ्या पिल्लांना पंधरा मिनिटं बाजूला काढायचं आणि लहानाला एकट्याला मागच्या सडांवर लावायचं, दिवसातून चार-पाच वेळा. मागच्या सडांना सहसा दूध जास्त असतं आणि दांडगी पिल्लं तेच धरून बसलेली असतात. चोवीस तासांत काटा हलला तर वरचं दूध लागत नाही. इथे हलला: 95.

हलला नाही, तर पिल्लांसाठीची दूधभुकटी. गाईचं दूध साखर घालून नव्हे, त्यात मांजरीच्या दुधाइतकं प्रथिन नसतं आणि जुलाबांनी पिल्लू सुकतं. रात्रीच्या अडचणीत शेळीचं दूध एक-दोन वेळांपुरतं. पहिल्या आठवड्यात 100 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 3 ते 4 मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी. दूध मनगटावर कोमट लागलं पाहिजे. पिल्लू पोटावर, आई पाजते तसंच. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा. आई चाटत नसेल तर दर पाजण्यानंतर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मागचा भाग पुसत लघवी-शी करवून घ्यायची, तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पिल्लाला ते स्वतःहून करता येत नाही.

थंड पडलेल्या पिल्लाला मात्र आधी दूध नाही. शरीर गार असताना आतडं चालत नाही, दूध पोटात नासतं. आधी ऊब: स्वतःच्या अंगाला, कपड्याच्या आत, पाऊण तास-तास. मग हिरड्यांवर ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब, आणि चोखू लागलं की आई.

ऊब किती, याचं उत्तर गोव्यात महिन्यागणिक बदलतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना खोक्यात 30 ते 32 अंश लागतात, दुसऱ्यात 27 ते 29. एप्रिल-मेमध्ये हे फुकट मिळतं. तेव्हा भीती उलटी, पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात दमट उकाडा साठतो. पाखं उघडी ठेवा, पंखा लावा पण झोत खोक्यावर नको. पावसाळ्यातल्या रात्री आणि डिसेंबरची पहाट फसवी. आपल्याला गोधडी पुरते, 90 ग्रॅमच्या ओल्या जिवाला नाही. वीज जाते म्हणून बल्बवर भिस्त नको. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी, वरून दोन पदरी कापड, खोक्याच्या एकाच बाजूला. दोनेक तासांनी बदलायची, कारण गार झालेली बाटली उलट ऊब ओढते. एकाच बाजूला अशासाठी, की नको झालं तर पिल्लाला सरकता यावं. पिल्लांकडे बघून तापमान वाचता येतं: एकमेकांवर ढीग करून कुईकुई करत असतील तर गारठली आहेत, लांब-लांब पसरून पडली असतील तर उकडतंय, एकमेकांना लागून गप्प, अधूनमधून पाय झटकत झोपली असतील तर ठीक. ते झटकणं झटके नव्हेत, नवजात पिल्लू झोपेत तसंच हलतं.

आईकडेही रोज एक नजर. लालसर तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे चालतो. वास आला किंवा पू दिसला तर दवाखाना. एखादा सड गरम, टणक, जांभळट झाला तर स्तनदाह: कोमट शेक द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. मोठ्या वेताच्या मांजरीत, साधारण पाजण्याच्या पहिल्या महिन्यात, ताठ पावलं टाकणं, अंग थरथरणं, धापा टाकणं दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरलंय. यात सकाळची वाट बघत नाहीत, आणि तोवर पिल्लांना तिच्यापासून बाजूला ठेवतात.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. ती हलवते त्याला बहुतेकदा कारण असतं: कापड ओलं, उजेड फार, पाहुण्यांची रांग, मुंग्या. नवी जागा सुरक्षित असेल तर वाद घालू नका, खोकंच तिकडे न्या. माळ्यावर नेली असतील तर आणायला हवीत, तिसऱ्या आठवड्यात ती चालू लागतात आणि कौलांखालच्या फटीतून पडतात.

नाळ तीन ते पाच दिवसांत गळते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात. बोटांनी उघडू नयेत. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा कडेला पू दिसला तर मात्र उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या कापसाने पुसत पशुवैद्याकडे, नाहीतर बुबुळ जातं. हिरड्या रोज बघायच्या. पांढुरक्या पडल्या तर पिसवा रक्त पीत आहेत. इतक्या लहान पिल्लांना औषध चालत नाही, बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन एकेक पिसू काढून बुडवायची. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चार सेंटिमीटर काठाचा ट्रे द्यावा, त्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा चाळलेली रेती. पाण्याने गोळा होणारी विकतची वाळू या वयात नको, पिल्लं ती खातात आणि ती पोटात फुगते. चौथ्या आठवड्यापासून खाद्याचे दाणे तिप्पट कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं करून उथळ बशीत. पहिले दोन दिवस ती त्यात चालतात, शिंकतात आणि उरलेलं आई खाते. आठव्या आठवड्यापर्यंत पाणी कमी करत दाण्यांवर यायचं.

जंतांचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याने आठव्यापर्यंत, वजनावर मोजून. आईलाही त्याच दिवशी. वही इथे पुन्हा उघडते. मांजरांची एकत्रित लस आठव्या आठवड्याला सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्यापर्यंत, रेबीजची बाराव्याला. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं म्हणून ही लस टाळणारे लोक भेटतात. ते नियंत्रण लसीकरणावरच उभं आहे.

आई पाजत असतानाही माजावर येते आणि पुन्हा गाभण राहते, कधी पिल्लं महिन्या-दीड महिन्याची असतानाच. म्हणून तिला घरात ठेवा आणि नसबंदीची वेळ पिल्लं सहा आठवड्यांची असतानाच घेऊन ठेवा, आठव्या-नवव्या आठवड्यासाठी. पाजणं सुटल्यावर तिचं खाणं आठवडाभरात मूळ मापावर आणायचं. सड दाबून दूध काढत राहिलं तर ते आटत नाही. भटक्या मांजरीच्या कानाचं टोक, नसबंदी झाल्याची खूण म्हणून, भुलीतच किंचित कापून घ्या, पुढच्या वेळी तिला कुणी पुन्हा पकडून पोट उघडणार नाही.

पिल्लं दहा-बारा आठवड्यांची झाल्यावर द्यावीत, आणि दोन एकत्र गेली तर उत्तम. देताना सोबत आठवड्याचं खाद्य, वहीतल्या वजनांचा आणि औषधांचा फोटो, आणि खोक्यातल्या साडीचा एक तुकडा, न धुतलेला.